माल न पाहता दिलेला हात

माझ्या थोरल्या भावाने मला आयुष्यात एकदाच फसवलं, पण असं फसवलं की अमरावतीच्या कापूसबाजारातल्या साऱ्या लबाडांनी त्याच्या पायाशी बसून शिकावं. तेही मरायला तीन दिवस राहिले असताना, माझा हात हातात घेऊन, आमच्या चुलत्यांच्या देखत. मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. आज पन्नाशीकडे झुकलो आहे, दात हलायला लागले आहेत, पण तो राग काही जागचा हललेला नाही. लोकांना वाटतं, हा माणूस सारखा हसत असतो, याला राग कसला येणार. येतो. मी तो हसतहसत बाळगतो, एवढंच.

आम्ही दोघे भाऊ कापसाचे दलाल. गाडी बाजारात आली की शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये जाऊन उभं राहायचं आणि मी तुझाच सख्खा आहे असं दोघांनाही वाटू द्यायचं, हा आमचा धंदा. भाव तोंडाने बोलायचा नाही. उपरण्याखाली दोघांनी हात घालायचे. कोणतं बोट धरलं, किती वेळा दाबलं, त्यावरून समोरच्याला भाव कळतो. शेजारच्याला नुसतं कापड हललेलं दिसतं. चेहरा मात्र सासुरवाडीला जेवायला बसल्यासारखा निर्विकार ठेवायचा. शेवटी पूर्ण पंजा घट्ट दाबला की सौदा पक्का. कागद नाही, साक्षीदार नाही. पंजा देऊन जो फिरला, त्याच्या उपरण्याखाली बाजारात पुन्हा कोणी हात घालत नाही.

हे सारं मला दादाने शिकवलं. त्याचा पहिला धडा असा, की माल पाहिल्याशिवाय पंजा द्यायचा नाही. सख्खा बाप विकत असला तरी गाडीत खांद्यापर्यंत हात घालायचा, मधला कापूस बाहेर ओढायचा, सरकी दाताखाली फोडून ओल पाहायची.

"वरचा कापूस पाव्हन्यासाठी असते, लहान्या," तो म्हणायचा. "आपन मधातला पाहाचा."

त्या वर्षांत तिकडे अमेरिकेतले लोक आपसात लढत होते, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीचे दिवस पालटले. दर्यापूरकडून गाड्यांची रांग लागायची. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. ज्यांनी कधी वहाणा घातल्या नव्हत्या ते करकर वाजणारे जोडे घालून मुद्दाम फरशीवरून चालायचे. आणि या गर्दीत आठवड्यातून एकदा एक गोरे पाद्रीसाहेब यायचे, एका रिकाम्या गाडीवर चढायचे, आणि मेल्यावर पुढे काय, असं लोकांना विचारायचे.

आता तुम्हीच सांगा. समोर दोनशे माणसं आजचा भाव काय म्हणून जीव टाकत आहेत, आणि हा गृहस्थ त्यांना मरणानंतरची गोष्ट विचारतोय. त्यांचं मराठी पुस्तकातून आलेलं होतं आणि आवाज नाकातून. ते निघून गेले की मी त्याच गाडीवर चढायचो. पागोटं काढून टोपीसारखं धरायचो, मान बगळ्यासारखी लांब करायचो आणि सुरू करायचो, "हे कापसाच्या मनुष्यांनो, तुमची गाडी मृत्यूच्या नाक्यावर उभी आहे." लोक तागडी सोडून पाहायला यायचे. मापारी हसायचे, हमाल हसायचे, शेतकरी तर पोट धरून बसायचे. आणि सर्वांत जास्त हसायचा दादा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उपरण्याने डोळे पुसत म्हणायचा, "पुरे रे, पोट दुखून राहिलं." त्याच्या त्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी मी दर आठवड्याला नवीन काहीतरी जुळवून ठेवत असे.

महिन्यातून एकदा तो अकोल्याला जायचा. आगगाडी तेव्हा यायचीच होती, गाडीने तीन दिवस लागायचे. कामासाठी जातो म्हणायचा, पण परत आला की त्या कामाचं काही सांगायचा नाही. आणि माणूस बदलत चालला होता. हमालांना शिव्या देईनासा झाला. घरातल्या देवांपुढे पूर्वी हात जोडायचा, आता नुसता उभा राहायचा आणि निघून जायचा. चेहऱ्यावर एक तृप्ती. मी जगात थोडंफार पाहिलं होतं, मला काय समजायचं ते मी समजलो. दादाने अकोल्याला बाई ठेवली आहे.

मला आनंद झाला, हे कबूल करतो. इतका सरळ भाऊ असणं हे धाकट्यावर फार मोठं ओझं असतं. त्याला यायला उशीर झाला की वहिनीला थापा मारायचं काम मी न सांगता अंगावर घेतलं. कधी मूर्तिजापूरला गाडीचा आख मोडायचा, कधी अकोल्याच्या मापाऱ्याला हगवण लागायची. एकदा काही सुचेना म्हणून मी मोर्णा नदीला पूर आणला. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वैशाखात पूर आला काय, भाऊजी? बरं झालं. आपल्या विहिरीलेबी पानी येईन मंग."

आणि मी समजत होतो की त्यांना पटलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अकोल्यातच एक लादलेली गाडी कलंडली आणि दादा कापसाच्या गाठी आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. बाहेरून ओरखडाही नव्हता. छाती आतून गेली होती. घरी आणला तेव्हा बोलत होता, पण खोकल्याबरोबर रक्त पडायचं. वैद्याने लेप लावला, काढे दिले, आणि बाहेर ओट्यावर येऊन चुलत्यांकडे पाहून मान हलवली.

एका दुपारी मी त्याच्याजवळ बसलो होतो. चुलते समोरच्या बाजेवर सुपारी कातरत होते. आमचे वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. दादाने डोळे उघडले आणि म्हणाला, "लहान्या, उपरनं आन. एक सौदा कराचा आहे."

 मला वाटलं, याला बाजाराची आठवण येतेय, मरणाऱ्या माणसाला एकदा खेळून घ्यायचं आहे. मी उपरणं आमच्या हातांवर पसरलं. चुलत्यांनी पाहिलं, सुपारी तोंडात टाकली आणि मान फिरवली. त्यांचेही डोळे भरले असावेत. मी बोटं पुढे केली. मनात म्हटलं, जो भाव मागेल तो देऊ. पण त्याने बोट धरलंच नाही. भाव नाही, काही नाही. एकदम पूर्ण पंजा. त्याच्या हातात जोर नव्हता, तरी पंजा तो पंजाच. मी हसत उलटा पंजा दिला.

"झाला?" तो म्हणाला.

"झाला," मी म्हणालो.

मी. ज्याने सख्ख्या बापाच्या गाडीतही हात घालावा असं शिक्षण झालेलं, तो मी.

थोड्या वेळाने चुलते हातपाय धुवायला विहिरीवर गेले. दादाने ते दाराबाहेर पडेपर्यंत वाट पाहिली.

"आता माल सांगतो," तो म्हणाला. "मी मेलो की मले जाळू नको. मातीत ठेवजो. अकोल्याले एक मास्तर आहेत, त्याइच्या हवाली करजो. मी दोन सालापासून ख्रिस्ती आहो."

 आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडावं?

"अन् ते बाई?"

"कोनती बाई?"

"अकोल्याची."

त्याला आधी समजेना. समजलं तेव्हा तो हसायला लागला, आणि हसता हसता खोकला, आणि मला त्याच्या ओठांवरचं रक्त पुसावं लागलं. "तू मले बाई ठेवली समजत होता?" तो परत परत म्हणत होता. "अरे बावा, बाई."

"मंग काय समजू?" मी म्हणालो. "दोन साल तू माह्याशेजारी बसून जेवला. मी गाडीवर चढून पाद्र्याची नक्कल करत होतो तवा तू हासत होता. ते काय होतं?"

"हासू येतच होतं. तू करतच तसा."

"खोटं हासत होता तू."

"नाही. खरं हासत होतो. पाद्रीसाहेब असते तं तेबी हासले असते."

 मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. घरात माणसं होती, ओरडायची सोय नव्हती. तुम्ही कधी कुजबुजत भांडला आहात काय? फार वाईट प्रकार आहे. राग बाहेर पडायला जागाच राहत नाही.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगनार होतो. रोजच सांगनार होतो."

"अन् आता मातीत ठेव म्हंतो. त्यानं काय होईन?"

"मी उठनार आहो, लहान्या." हे त्याने असं सांगितलं, जसं उद्या वलगावला जाऊन येतो म्हणावं. "सरकी मातीत गेली की मेल्यावानी दिसते. मंग पाह्य आषाढात."

"सरकी आपन बैलाले चारतो, दादा. दहातली नऊ."

"म्हनून तं म्हनतो, मले मातीत टाक."

मरणाच्या दारातही माणूस भावाला हरवल्याशिवाय राहत नव्हता. 

"अन् उठून करशीन काय?" मी म्हणालो. "तठी तुले भेटन कोन? माय नाही, बाप नाही, मी नाही. आमी समदे इकडच्या वाटेनं जाऊ. तू एकट्यानं दुसरीकडं घर केलं. भावाले नाही इचारलं. परगावी बैल विकाचा असला तरी इचारतो मानूस."

 या वेळी त्याने छपराकडे पाहत उत्तर दिलं.

"मायबापाचं काय, ते मले नाही माहीत," तो म्हणाला. "मास्तरले इचारलं होतं. त्याइलेबी नाही माहीत. पन ज्याच्या हाती मी जाऊन राहिलो, त्याले माहीत आहे. तेवढ्यावर मी हात देला."

"माल न पाहता?"

"माल न पाहता."

विहिरीकडून चुलत्यांच्या खडावा वाजल्या. दादाने डोळे मिटले. आमचं त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही, कारण मी होऊ दिलं नाही. पुढचे तीन दिवस मी त्याला पाणी पाजलं, कूस बदलली, अंग पुसलं, पण एकटा त्याच्याजवळ बसलो नाही. तो डोळ्यांनी मला शोधायचा. मी वैद्याकडे जायचो, गोठ्यात जायचो, ज्या गाड्या आल्याच नव्हत्या त्या पाहायला बाजारात जायचो. तिसऱ्या दिवशी, ऊन माथ्यावर असताना, तो गेला. वहिनी त्याच्या उशाशी होत्या. मी अंगणात होतो.

चुलत्यांनी सूत्रं हातात घेतली. बांबू आले, सुतळी आली, गोवऱ्या आल्या. भाऊबंद जमले. दादाला मूलबाळ नव्हतं, म्हणून मडकं मी धरायचं आणि अग्नीही मीच द्यायचा, असं चुलत्यांनी सांगितलं. तो क्षण होता. मी तोंड उघडायला हवं होतं.

मी उघडलं नाही. भीती होती, हे नाकारत नाही. भाऊबंदांनी वाळीत टाकलं असतं, चुलते त्या धक्क्याने कदाचित आडवे झाले असते. हे सगळं खरं आहे, आणि मी बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. पण त्या वेळी सुतळीचा पीळ पाहत उभा असताना माझ्या मनात जे होतं ते वेगळं होतं. तू मला फसवून पंजा घेतलास ना? ठीक आहे. उपरण्याखाली काय झालं ते दोघांनाच माहीत, आणि त्यातला एक तर आता बोलत नाही. बघू कसा उठतोस.

तिरडी उचलताना मी एकदा ओसरीकडे पाहिलं. बाया रडत होत्या. वहिनी रडत नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी खांदा द्यायला वाकलो.

अग्नी मी दिला.  ज्या हाताने त्याला पंजा दिला होता, त्याच हाताने.

तिसऱ्या दिवशी राख थंड झाल्यावर चुलते आणि मी अस्थी वेचून आणल्या. आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. मी गाडगं फडक्यात बांधून अंगणाबाहेरच्या लिंबाला टांगलं. दुसऱ्या सकाळी वलगावला पेढी नदीत सोडायच्या ठरल्या. चुलते आत गेले आणि वहिनी बाहेर आल्या. पदराखाली काहीतरी धरलं होतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमी पंजा देल्ता नं?"

 "तुमाले कोनं सांगतलं?"

"त्याइनं. त्याच दिवशी. त्याइनं मले समदंच सांगतलं होतं. अकोल्याले डोक्यावर पानी घेतलं अन् घरी आले, तवा पहिले मलेच सांगतलं. मी चार दिवस जेवली नाही."

"मंग?"

"मंग जेवली."

तर अशी गोष्ट होती. दोन वर्षं या घरात वहिनींना सगळं माहीत होतं, आणि सर्वांत हुशार माणूस म्हणून मी वैशाखात पूर आणत होतो. मला हसू यायला हवं होतं. आज येतं. तेव्हा मी लिंबाच्या बुंध्याला धरून उभा राहिलो आणि एखाद्या पोरासारखा म्हणालो, "तुमाले सांगतलं. मले काहून नाही सांगतलं?"

वहिनींनी जरा विचार केला. त्या खोटं कधी बोलत नसत आणि खरं बोलताना घाई करत नसत.

"ते म्हनत, लहान्याले सांगतलं तं तो गाडीवर चढून माही नक्कल करन."

"केली असती. मंग काय झालं असतं?"

"तुमाची नक्कल लय चांगली असते नं भाऊजी. त्याइले भेव वाटे. लोक हासले तं हासले. पन मलेबी ते खोटं वाटाले लागलं तं, म्हनत. मराच्या वक्ती माह्यापाशी मंग काय राहीन?"

मला कोणी एवढी मोठी शाबासकी दिली नाही, आणि एवढा घाव कोणी घातला नाही.  त्यांनी पदराखालून एक गाडगं काढलं. तसंच गाडगं, तसंच फडकं. आत गोवऱ्यांची राख होती आणि परसातल्या चुनखडीचे लहान लहान खडे.

"हे वलगावले न्या," त्या म्हणाल्या. "अन् लिंबावरचं ते अकोल्याले."

कापसात पाणी मारणारे, माती मिसळणारे, ओला माल मध्ये दडवणारे मी किती पकडले त्याची गणती नाही. स्वतः मात्र साऱ्या धंद्यात एकदाही खोटा माल खऱ्याच्या जागी ठेवला नाही. ठेवला तो हाच. दुसऱ्या सकाळी पेढीच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून चुलत्यांनी ते गाडगं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि ओक्साबोक्शी रडले. चुनखडीसाठी. त्यांनी दादाला खांद्यावर खेळवलं होतं. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि भावाने माझ्याशी जे केलं तेच मी एका म्हाताऱ्याशी करत होतो. त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहितोय.

तेराव्यापर्यंत वहिनींनी खरं गाडगं परसात दडवून ठेवलं; मग चार दिवस मध्ये जाऊ दिले आणि मी कापसाच्या कामाला म्हणून अकोल्याला निघालो. गाडीवान दर्यापूरकडचा एक मुसलमान होता, बैलांशी बोलायचा तेवढं माणसांशी बोलायचा नाही. गाडगं मी मांडीवर धरून बसलो होतो. त्याने विचारलं नाही.

मास्तर म्हणजे मला वाटलं होतं कोणी टोपीवाला असेल. निघाला एक वाळकुडा म्हातारा, डोक्याला पागोटं, आधीचा विणकर, आता मोर्णेच्या काठी एका खोलीत पोरांना अक्षरं शिकवायचा. मी गाडगं त्याच्यापुढे ठेवलं आणि ठरवून आलो होतो तसं सगळं एका दमात सांगून टाकलं, की मी हात दिला होता आणि फिरलो. याला मी जाळलं. माझ्या हाताने जाळलं. आता तुमच्या धर्मात याचं काय होतं ते सांगा. मला वाटतं, तो मला शाप देईल अशी माझी इच्छा होती.

म्हातारा गाडग्याजवळ खाली बसला. त्याने फडक्यावर हात ठेवला.  मग म्हणाला, "आगीत जाऊन देवाच्या हातचा गेला, असं होते काय? ज्यानं मातीचा मानूस केला, त्याले राख काय जड आहे."

"म्हनजे मी जाळलं, त्यानं काहीच नाही झालं?"

"त्याइचं काई नाही झालं," मास्तर म्हणाले. "तुमाचं झालं असन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची माणसं जमली. बारा-चौदा असतील, बाया आपल्याच लुगड्यातल्या, माणसं आपल्याच धोतरातली. गावाबाहेर त्यांची एक जागा होती, सहा-सात उंचवटे आणि बाभळीची झाडं. मी पुढे होऊन खड्डा पाहिला आणि थबकलो. गाडगं एवढंसं, ओंजळीत मावेल असं. आणि खड्डा खणला होता पूर्ण पुरुषभर लांबीचा, छातीएवढा खोल. काळी माती दोन्ही बाजूंना ढीग घालून होती. चार माणसांनी पहाटेपासून खणला असावा.

"एवढा काहून?" मी विचारलं.

"पुरा मानूस उठनार आहे," मास्तर म्हणाले. "गाडग्याएवढा नाही."

मी आत उतरलो. तळाशी मधोमध गाडगं ठेवलं. त्या एवढ्या मोठ्या जागेत ते फारच एकटं दिसलं. वर आलो तर ते लोक गात होते. मराठी गाणं, जात्यावरच्या ओवीसारखी चाल, आणि रडकं नाही. बाया डोळे पुसत होत्या आणि गात होत्या, गात होत्या आणि एकमेकींकडे पाहून मान हलवत होत्या, जसा पोर सासरी सुखरूप पोचल्याचा निरोप आला असावा. मला ते सहन होईना. हा माझा भाऊ, आणि या लोकांना तो कुठे गेला ते माहीत आहे, आणि मी, जो त्याच्या पाठचा, मी काठावर उभा आहे आणि मला गाण्याचे शब्दही येत नाहीत. दोन वर्षं यांनी त्याला माझ्यापासून चोरलं होतं आणि आता चोरीचा माल माझ्याच हातून जमिनीत ठेवून घेतला. मी माती लोटली ती फावड्याने नाही, पायाने लोटली. कोणी मला अडवलं नाही.

सगळे पांगल्यावर मास्तर माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले.

"एक इचारतो," मी म्हणालो. "तुमी म्हंता तो उठन. उठन तवा मी कुठी असन, हे त्यानं कधी इचारलं होतं तुमाले? मायबापाचं इचारलं म्हने. माहं इचारलं?"

"तुमाचं नाही इचारलं," ते म्हणाले. "तुमाचं मागत होता."

"काय मागत होता?"

"तुमाले. देवापाशी. अठी आला की रोज सकाळी, त्या बाभळीखाली. अन् घरीबी मागतो म्हने."

मी दलाल माणूस. माझ्या नावाने माझ्या पाठीमागे कोणीतरी दोन वर्षं रोज बोलणी करत होता, तेही वरच्या पेढीवर, आणि मला पत्ता नाही.

"मले न इचारता?"

"मीबी तेच म्हटलं त्याले. सांगून तं पाह्य भावाले. तं तो म्हने, इचारलं तं नाही म्हनन तो. म्हनून नाही इचारत."

मी गाडीत चढलो. रामराम घातला की नाही ते आठवत नाही. मोर्णा ओलांडली, ऊन चढायला लागलं, दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. आणि मी शिव्या द्यायला सुरुवात केली. कुजबुजत नाही, मोठ्याने, छाती भरून. लबाडा म्हणालो, चोरा म्हणालो, माझ्या भावाला देऊ नयेत अशा त्याच्या आईवरूनही दिल्या, ती माझीही आई होती हे लक्षात न घेता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही सुचलं नाही. बोरगाव येईपर्यंत हे चाललं होतं.

शेवटी गाडीवानाने मान वळवली. फार दुखावला होता बिचारा.

"मालक," तो म्हणाला, "बैल तं बराबर चालून राहिले."